नावात मिसळलेली पदवी

निडी हे रोह्याजवळचे लहानसे स्थानक. हिवाळ्यातील निरभ्र रात्री तेथे पुष्कळ तारे दिसतात; पण पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह दिसायचा नाही. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून सूर्याभोवती फिरणारा हा अतिमंद ठिपका ११ नोव्हेंबर २००६ रोजी अ‍ॅरिझोनातील कॅटालिना सर्वेक्षणाला दुर्बिणीतून सापडला.

त्याचे पहिले नाव '२००६ व्हीपी३२'. ही अक्षरे निरर्थक नाहीत. 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 'आय' वगळून उरलेल्या २५ अक्षरांचे ३२ फेरे आणि वर 'पी' हे पंधरावे अक्षर. म्हणजे त्या पंधरवड्यातली ८१५वी नोंद. पुढे अनेक निरीक्षणांनी कक्षा निश्चित झाली, तेव्हा अनुक्रमाने कायमचा क्रमांक मिळाला : ३००१२८. जसराजांचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. २८-०१-३० हे आकडे मागून घेतले, की तोच क्रमांक.

सप्टेंबर २०१९मध्ये नामकरण जाहीर झाले, तेव्हा या योगायोगाचे फार कौतुक झाले. परंतु क्रमांक आधीचा आहे, नाव नंतरचे. लाखो क्रमांकांतून हा कोणीतरी मुद्दाम हेरला असणार, आणि मला ती निवड योगायोगापेक्षा हृद्य वाटते. 'नासाने नाव दिले' हेही तितकेसे बरोबर नाही. शोधकर्ते नाव सुचवतात, आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ते मान्य करते.

या नावांचीही एक परंपरा आहे. पॉगसनने १८६१ साली मद्रासहून लघुग्रह शोधला, त्याचे नाव 'आशिया' : ग्रीक पुराणातली सागरकन्या आणि आपले खंड, दोन्ही. १९२४ साली सापडलेल्या लघुग्रहावर मोझार्टचे नाव आले तेही 'मोझार्टिया' असे स्त्रीलिंगी होऊन. जसराजांच्या वेळी हे बंधन उरले नव्हते. मात्र नाव सोळा अक्षरांच्या आत आणि शक्यतो एकशब्दी असावे, हा नियम होता. म्हणून रोमन लिपीत 'पंडितजसराज' असा सलग शब्द नोंदला गेला. आपल्या भाषेत 'पंडित' ही नावाआधी, अंतर राखून उभी राहणारी पदवी. मोझार्टच्या नावाला कोणतीच पदवी चिकटलेली नाही. येथे ती नामाचाच भाग झाली. व्याकरणाच्या शिक्षकाने याला समास म्हणावे की लिपिकाची सोय?

व्ही. शांतारामांचे जावई असलेले मुंबईकर जसराज नामकरणानंतर वर्षभरही राहिले नाहीत. १७ ऑगस्ट २०२० रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.