आगीविना आगगाडी : डभोई–मियागाम, 1862

बडोद्यात रेल्वेचा विषय निघाला की डभोईच्या बैलांची गोष्ट हमखास निघते, आणि बहुतेक वेळा गंमत म्हणूनच सांगितली जाते. महाराजांनी हौसेनं रूळ टाकले, इंजिन काही मिळेना, मग जुंपले बैल! हल्ली वाहतुकीतला कार्बन कमी करण्यावर जे संशोधन चाललं आहे ते वाचताना मला ही गोष्ट पुन्हा तपासावीशी वाटली, कारण तिच्यात हसण्यासारखं फारसं काही नाही.

बी. बी. अँड सी. आय. रेल्वे 1861 साली बडोद्याला पोचली. मियागाम त्याच मार्गावरचं ठाणं. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसासाठी हपापल्या. डभोई-मियागाम हा कानम प्रदेश, कपाशीच्या काळ्या जमिनीचा. ही जमीन पीक देते, पण पावसाळ्यात गाडीचं चाक गिळते. खंडेराव गायकवाडांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम सुमारे 20 मैल अडीच फुटी रूळ टाकले आणि डबे ओढायला बैल लावले.

यातलं मर्म बैलात नाही, रुळात आहे. बैलगाडीचं चाक मातीत रुततं आणि जनावराची निम्मीशिम्मी ताकद चाक वर काढण्यातच जाते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे सपाट मुलखात तीच बैलजोडी कितीतरी पट माल ओढते. आजही ट्रकपेक्षा मालगाडीला टनामागे ऊर्जा कमी लागते, त्याचं एक मोठं कारण हेच. इंधन कोणतं हा प्रश्न नंतरचा. बचतीची सुरुवात रुळापासून होते.

आणि इंजिन मिळेना, हेही खरं नाही. 1863 मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली होती. पण रूळ दर यार्डाला 13 पौंडांचे, म्हणजे मीटरला साडेसहा किलोच्या आतबाहेर. आजच्या मुख्य मार्गावर हाच आकडा 60 किलो असतो. इतक्या हलक्या रुळांना इंजिनाचा भार पेलवेना, म्हणून बैल राहिले. मल्हाररावांच्या काळात, 1873 मध्ये, जड रूळ घालून मार्ग नव्यानं बांधला, तेव्हा कुठे वाफेचा कारभार नीट सुरू झाला. म्हणजे कोळसा जाळायचा तर आधी कितीतरी जास्त लोखंड जमिनीवर अंथरावं लागलं. वाहतुकीच्या हिशेबात हे लोखंड आपण सहसा धरतच नाही.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. ही जगातली पहिली नॅरो गेज, असं आपल्याकडे अभिमानानं म्हणतात. ते बरोबर नाही. वेल्समधली फेस्टिनिओग 1836 सालची, तिथे घोडे होते. आपली हिंदुस्थानातली पहिली, तेवढं पुरे आहे. दुसरं म्हणजे, बैल धूर सोडत नसला तरी रवंथ करताना मिथेन सोडतो आणि चाऱ्यासाठी जमीन अडवतो. त्याला शून्य कार्बनचं प्रशस्तिपत्र देऊ नये.

योगायोग बघा, या विषयाचा अभ्यास आज गायकवाडांच्याच घरात चालतो. लालबागच्या प्रताप विलास राजवाड्यात 1952 पासून रेल्वेचे अधिकारी शिकतात. त्याच आवारात 2018 मध्ये वाहतुकीचं विद्यापीठ सुरू झालं, ते 2022 पासून गतिशक्ती विश्वविद्यालय. रेल्वेनं 2030 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. डभोईहून केवडियाला जाणारा ब्रॉडगेज विद्युत मार्ग 17 जानेवारी 2021 ला खुला झाला आणि केवडियाच्या स्थानकाला हरित इमारतीचं प्रमाणपत्रही आहे. विजेच्या तारेत आपल्याकडे अजून बराच कोळसाच वाहतो, ते सोडा. मला खटकतं ते वेगळंच. खंडेरावांचा फाटा कापसासाठी होता, हा प्रामुख्यानं पुतळा बघायला येणाऱ्यांसाठी. शेतातला माल रुळावर परत आणायचा प्रश्न तसाच उरला, आणि कार्बनच्या दृष्टीनं मोठा प्रश्न तोच आहे.

ज्यांच्या घरी गायकवाडी रेल्वेखात्यातल्या पूर्वजांची मोडी कागदपत्रं असतील, त्यांनी ती मंडळाला जरूर दाखवावीत. बैलजोडीची किंमत, कडब्याचा दर, गडीमाणसांची मजुरी असल्या नोंदी क्षुल्लक समजून टाकू नयेत. या रेल्वेचा इंधनखर्च म्हणजे तोच.