मेंदूतला गोंगाट

१९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर तिला नवऱ्याचं नाव विचारत, तर ती स्वतःचंच नाव सांगे. १९०६ मध्ये ती गेली. तिच्या मेंदूच्या कापांत डॉक्टरांना पेशींबाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता दिसला. त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे ट्यूबिंगनच्या सभेत मांडलं. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

पुढची कित्येक दशकं हा तरुणांना होणारा दुर्मीळ आजार मानला गेला. आजी-आजोबांचं विसरणं म्हणजे नुसता म्हातारचळ! दोन्ही आजार एकच आहेत, असं रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठणकावून सांगितलं.

मग औषधांचा शोध सुरू झाला. कल्पना साधी होती: मेंदू मंदावतोय, त्याला चालना द्या. १९९० च्या दशकातल्या गोळ्या पेशींमधला निरोप्या, म्हणजे ॲसिटिलकोलीन, टिकवून धरत.

पण एक उलटा धागाही होता. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी दाखवलं होतं, की ग्लुटामेटचा अतिरेक झाला तर पेशी उत्तेजित होऊन होऊनच मरतात. हा मारा थोपवणारं मेमँटिन मुळात मधुमेहासाठी बनवलं गेलं होतं. तिथे ते नापास झालं. २००२-०३ मध्ये युरोप-अमेरिकेत त्याला अल्झायमरसाठी मान्यता मिळाली. त्याचा गुण येतो, पण थोडाच. आजार थांबत नाही.

२००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांना अल्झायमरच्या उंदरांत मूक फिट्स दिसल्या. अंग झटके देत नव्हतं, पण मेंदूत वादळ चालू होतं. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या गटाला त्या गाळाशेजारी अतिचपळ पेशींचे पुंजके सापडले.

माणसांत, आजाराच्या उंबरठ्यावर, हिप्पोकॅम्पस जास्त पेटलेला दिसतो. बिचारा मेंदू कसर भरून काढतोय, असं अनेकांना वाटे. जॉन्स हॉपकिन्सच्या मिशेला गॅलहर यांच्या गटाने २०१२ मध्ये अशा लोकांना फिट्सवरचं लेव्हेटिरासेटम अगदी कमी मात्रेत दिलं. मेंदू शांत झाला आणि स्मरणाची चाचणी सुधारली. म्हणजे ती धडपड मदत नव्हती, अडथळा होता.

म्हणून उद्या मेडिकलमध्ये धावू नका. २०२१ च्या एका छोट्या चाचणीत हेच औषध सरसकट सगळ्यांना उपयोगी पडलं नाही. ज्यांच्या मेंदूत मूक फिट्ससारख्या लहरी होत्या, त्यांनाच काही कामांत फायदा दिसला. म्हणजे आधी कोणाच्या डोक्यात गोंगाट आहे, ते ऐकावं लागणार.

ऑगस्टेच्या वेळी ते शक्यच नव्हतं. माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी हान्स बर्गर यांनी पहिल्यांदा टिपल्या १९२४ मध्ये. तिला जाऊन तेव्हा १८ वर्षं झाली होती. तिचा मेंदू सगळ्यांनी पाहिला, पण तो गप्प झाल्यावर.