पट्ट्याचा ताण आणि मिस्त्रीची वही

मंडळी, मी आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवला. इतिहास म्हटलं की लढाया, तह आणि सनावळ्या. यंत्रांच्या वाट्याला आमच्या पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन पानं यायची. जेम्स वॅटचं इंजिन, आर्कराइटचं सूतयंत्र, की झाला धडा! आता मात्र यंत्राकडे पाठ करून बसायची सोय राहिली नाही. आमच्या बिडकीनला २९ सप्टेंबर २०२४ रोजी औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. क्षेत्र ७,८५५ एकर. ज्या रानात कापूस आणि तूर पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे आता डांबरी रस्ते आणि विजेचे खांब आहेत. गावातली पोरं सातबाऱ्याइतक्याच सहजपणे बेअरिंग, सेन्सर आणि कन्व्हेअर बोलतात.

अशाच एका बोलण्यातून हा लेख निघाला. माझा एक पुतण्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याच्यासोबतच्या एका फिटरने कन्व्हेअरचा पट्टा ताणून धरणारी एक जोडणी तयार केली. पट्टा ढिला पडला की ती आपोआप ताण घेते, यंत्र थांबवावं लागत नाही. सगळे म्हणाले, "अरे, पेटंट घे!" पुतण्या मला म्हणाला, "काका, याला पेटंट मिळेल का?"

मी काही वकील नाही. पण मला वाटलं, हा प्रश्न कायद्याचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे. कारण पेटंट देताना पहिला प्रश्न हाच असतो, की याआधी लोकांना काय काय ठाऊक होतं? आणि आधीचं शोधणं हेच तर इतिहासाचं काम.

आधी पट्ट्याचं समजून घेऊ. ज्यांनी चरखा चालवला आहे त्यांना हे लगेच कळेल. चरख्याची माळ सैल पडली की चाक फिरतं, पण चाती फिरत नाही. फार घट्ट केली तर चाक जड होतं आणि माळ तुटते. कन्व्हेअरचंही तेच. मोटरने फिरणारी पुली पट्ट्याला ओढते ती केवळ घर्षणाच्या जोरावर. ताण कमी झाला की पुली जागच्या जागी घसरते, रबर तापतं, झिजतं. ताण जास्त झाला तर पट्ट्याचा सांधा उकलतो आणि बेअरिंगवर भार येतो. शिवाय पट्टा वापराने लांबतो, म्हणजे एकदा ताणून काम भागत नाही.

यावरचे उपाय जुनेच आहेत. आखूड पट्ट्याला शेवटची पुली स्क्रूने मागे सरकवतात. लांब पट्ट्याला, म्हणजे परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांना, एका पुलीला वजन टांगून ठेवतात. पट्टा लांबला की वजन तेवढं खाली येतं आणि ताण कायम राहतो. कुठे स्प्रिंग असते, कुठे हायड्रॉलिक सिलिंडर. दोरी खांबाभोवती गुंडाळली की पकड किती वाढते याचं गणित ऑयलर आणि आयटेलवाइन या युरोपीय गणितज्ञांनी मांडलं. आयटेलवाइनचा ग्रंथ १८०८ चा. आपल्याकडे तर अवखळ बैल बांधताना खुंट्याला दाव्याचे दोन वेढे जास्त द्यायचे, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. अमेरिकेत थॉमस रॉबिन्स यांनी १८९० च्या दशकात एडिसनच्या खाणीसाठी रबराचं आवरण असलेला पट्टा बनवला, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या कन्व्हेअरला मोठं पारितोषिक मिळालं.

आता सांगा, स्क्रू जुना, वजन जुनं, स्प्रिंग जुनी, पुली जुनी. मग या सगळ्यांतून कोणी नवी जोडणी केली तर ती शोध की नुसती कारागिरी?

आपल्या देशात या प्रश्नाचा इतिहास १८५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनी सरकारने शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा केला आणि ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी पहिला अर्ज दिला. कशासाठी? तर छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेब लोक घाम पुसत बसायचे आणि दाराबाहेर पंखेवाला दोरी ओढत राहायचा, त्याच दोरीचं हे यंत्र. म्हणजे आपल्याकडचा पहिला अर्जही दोरी ओढण्याचाच, गंमत आहे की नाही?

पुढे १९११ चा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला. भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटं परदेशी लोकांच्या हाती आहेत आणि त्यांतली बहुतेक इथे वापरातही आणली जात नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. त्या अहवालाच्या पायावर १९७० चा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. तोच आज दुरुस्त्यांसह चालू आहे.

पण पट्ट्याच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं ते एका भांड्याच्या खटल्यातून. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर हे पितळी भांड्यांचं गाव. तिथे लेथवर भांडं घासून, चकचकीत करून काढायचे. फिरतं भांडं कधीकधी निसटून उडायचं आणि कामगाराला इजा व्हायची. हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या फर्मच्या एका भागीदाराने १९५१ मध्ये त्यावर उपाय काढला. भांडं एका बाजूने साच्यात बसवायचं आणि दुसऱ्या बाजूने लेथच्या टेलस्टॉकने दाबून धरायचं. भांडं उडणं थांबलं, कामाचा वेग वाढला, चकाकी सुधारली. या पद्धतीला पेटंट मिळालं, १३ डिसेंबर १९५१ पासून लागू. गावातल्याच विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मने तीच पद्धत वापरल्यावर भांडण कोर्टात गेलं.

अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने पेटंट रद्द केलं. खंडपीठाने तो निकाल फिरवला. शेवटी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सरकारिया यांनी निकाल लिहिला आणि पेटंट पुन्हा रद्द ठरलं. तारीख होती १३ डिसेंबर १९७८. पेटंट लागू झाल्याला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षं झाली होती! जुन्या कायद्यात पेटंटची साधारण मुदतच सोळा वर्षांची. म्हणजे ज्या हक्कासाठी भांडण, त्याचा काळ केव्हाच सरला होता. असो.

निकालाचं सार माझ्या शब्दांत असं. एखादी सुधारणा उपयोगी आहे, एवढं पुरेसं नाही. ती कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेपेक्षा काही अधिक असली पाहिजे. त्याच धंद्यातल्या जाणत्या कारागिरासमोर तीच अडचण ठेवली, तर त्याला हा उपाय सहज सुचला असता का? सुचला असता, तर तो शोध नव्हे. लेथ, साचा, टेलस्टॉक आणि त्याने दाबून धरणं हे धंद्याला ठाऊकच होतं. न्यायालयाने अर्जाची भाषाही तपासली. यात नवं नेमकं काय, हे त्यात नीट उमटलेलं नव्हतं.

हे वाचून मी जरा थबकलो. कामगाराच्या अंगावर उडणारं भांडं थांबवणं ही लहान गोष्ट आहे का? नाही. तरीही तो शोध ठरला नाही आणि नीट विचार केला तर ते बरोबरच आहे. उद्या मिर्झापुरातल्या प्रत्येक लेथवाल्याला टेलस्टॉक पुढे सरकवण्यासाठी एकाच फर्मची परवानगी मागावी लागली असती. जे सगळ्यांच्या हातात होतं, ते एकाच्या कुलपात गेलं असतं.

आजचा कायदा हेच अधिक रेखीवपणे सांगतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर कल्पकतेची पायरी म्हणजे आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही. शिवाय ती त्या विषयातल्या जाणकाराला उघड वाटता कामा नये. कलम तीनमध्ये काय काय शोध नव्हे याची यादीच आहे. ठाऊक असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती, ज्यात प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करते, ती शोध नव्हे. म्हणजे पट्ट्याला एका टोकाला स्क्रू आणि दुसऱ्या टोकाला वजन लावलं, दोघांनी आपापलं काम केलं, तर ती फेरमांडणी. पण दोघांच्या जोडणीतून असं काही घडलं जे एकट्या स्क्रूने किंवा एकट्या वजनाने होत नव्हतं आणि जे जाणत्या फिटरलाही सुचलं नसतं, तर दार उघडं आहे.

ही रेघ किती बारीक असते हे आपल्या जवळच्याच एका वादात दिसलं. वाळूजला १९८५ पासून ज्यांचा कारखाना आहे त्या बजाज ऑटोला २००५ मध्ये लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याचं पेटंट मिळालं. डिसेंबर २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही मोटारसायकल आणली आणि भांडण लागलं. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये टीव्हीएसला मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीचा हिशोब ठेवायला सांगितलं आणि असे खटले लवकर निकाली काढा असं बजावलं. पुढे २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. दोन प्लग बसवणं हा शोध की फेरमांडणी, याचं शेवटचं उत्तर मिळालंच नाही.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा. आधी काय ठाऊक होतं हे ठरवायचं कशावरून? हळदीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने हरकत घेतली आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पण कशाच्या जोरावर? आपल्या आज्या जखमेवर हळद दाबायच्या, एवढ्या सांगण्यावर नव्हे. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख असे लेखी पुरावे पुढे ठेवावे लागले. हळद वाचली, कारण कोणीतरी लिहून ठेवलं होतं.

आमच्या मिस्त्रींचं कोणी लिहून ठेवलं? जिनिंगमधला पट्टा घसरू नये म्हणून राळ लावणारे, पिठाच्या गिरणीचा पट्टा नुसत्या आवाजावरून ढिला आहे की घट्ट ते सांगणारे, मोटर खाली लाकडाची पाचर ठोकून ताण घेणारे... हे ज्ञान उस्तादाकडून चेल्याकडे गेलं, तोंडी गेलं, शिव्यांसकट गेलं. कागदावर आलं नाही. आपला कायदा याबाबतीत उदार आहे. कलम २५ प्रमाणे, आधीपासून उघडपणे वापरात असलेल्या गोष्टीवरून पेटंटला विरोध करता येतो. भारतातल्या किंवा इतरत्र कुठल्याही स्थानिक समाजातलं तोंडी ज्ञानसुद्धा विरोधाचं कारण होऊ शकतं. पण कारण असणं वेगळं आणि ते सिद्ध करणं वेगळं. ज्या उस्तादाने पाचर ठोकली तो गेला, गिरणी मोडीत निघाली, मग साक्ष कोण देणार?

म्हणजे न लिहिण्याने दोन्हीकडून तोटा. स्वतःचं खरोखर नवं असलेलं हातचं जातं आणि सगळ्यांचं जुनं असलेलं दुसरा कोणी आपलं म्हणून नेऊ शकतो.

म्हणून पुतण्याला मी हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. फिटरला सांग म्हटलं, आधी एक वही घाल. तारीख टाक, आकृती काढ. अडचण काय होती, लोक आधी काय करायचे, तू काय वेगळं केलंस, ते लिही. पट्टा आपोआप ताणला जातो एवढं लिहू नकोस, ते तर टांगलेलं वजनही करतं. तुझं नेमकं काय, ते एका वाक्यात सांगता येतं का बघ. आणि पेटंटचा अर्ज करण्याआधी त्याचं जाहीर प्रदर्शन करू नकोस, कारण एकदा सर्वांना कळलं की ते नवं राहत नाही. आधी तात्पुरता तपशील दाखल करून पुढच्या बारा महिन्यांत पूर्ण तपशील देण्याची सोय कायद्यात आहे. आणि हो, नोकरीत असताना, कारखान्याच्या सामानातून केलेली वस्तू कोणाची, हेही एखाद्या जाणकार वकिलाला विचारून घे.

पेटंट मिळालं तर आनंदच आहे. नाही मिळालं तरी त्या फिटरची जोडणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. मिर्झापूरचं भांडं उडायचं थांबलं ते थांबलंच, निकालाने काही ते पुन्हा उडू लागलं नाही.

तुमच्या घरात, गावात, कारखान्यात कोणी जुने मिस्त्री असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या चार युक्त्या तारीखवार उतरवून ठेवा. राजांच्या बखरी पुष्कळ झाल्या, एखादी पट्ट्याचीही होऊ द्या.