शाळेची घंटा आणि सूर्याची वेळ

शाळेंत उशिरां येणारा विद्यार्थी हा शिक्षणाच्या इतिहासांतील फार जुना अपराधी आहे. इ. स. १८२३ मध्यें बल्लारीचे कलेक्टर कँपबेल यांनीं आपल्या जिल्ह्यांतील देशी शाळांचें वर्णन सरकारास पाठविलें. त्या जिल्ह्यांत कानडी व तेलुगू शाळांबरोबर मराठी शाळाही होत्या. शाळा सकाळीं सहास भरे. प्रथम येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचें नांव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत. तिसऱ्यास छडीचा एक हलका फटका, चौथ्यास दोन, आणि पुढें येईल त्यास चढत्या क्रमानें. उशीर मोजला जाई तो घड्याळावरून नव्हे, आधीं आलेल्या सोबत्यांवरून.

घड्याळाचें राज्य मागाहून आलें. ता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ लागू झाली. ती ८२॥ अंश रेखांशावरची. मुंबईकरांनीं ती सहजासहजीं मानली नाहीं. नगरपालिकेच्या कारभारांत 'मुंबई वेळ' पुढें कित्येक दशकें चालली. नाशिक शहर त्या रेखांशाच्या सुमारें पावणेनऊ अंश पश्चिमेस आहे. एका अंशास ४ मिनिटें या हिशेबानें नाशिकचा सूर्य घड्याळाच्या सुमारें ३५ मिनिटें मागें चालतो.

म्हणजे सातची घंटा झाली, तरी सूर्याच्या हिशेबानें तेव्हां ६ वाजून २५ मिनिटेंच झालेलीं असतात. जानेवारींत तर सूर्योदयच सात वाजून गेल्यावर होतो. एका इमारतींत दोन सत्रें बसवावयाचीं, तर पहिलें सत्र पहांटेकडे ढकलावें लागतें. आणि द्वारका चौकांत, जेथें मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता मिळतो, तेथून शाळेस जाणाऱ्या मुलास काळोखांतच घर सोडावें लागतें.

अशा वेळीं दोष मुलाचा कीं घंटेचा? वयांत येणाऱ्या मुलांस निसर्गतःच रात्रीं उशिरां झोप येते. अमेरिकेंतील सिॲटल शहरानें २०१६ मध्यें माध्यमिक शाळांची वेळ ७-५० वरून ८-४५ वर नेली. अभ्यासकांनीं दोन शाळा तपासल्या. मुलांची झोप सुमारें ३४ मिनिटांनीं वाढल्याचें आढळलें. जेथें गरीब घरांतील मुलें अधिक, त्या शाळेंत उशिरां येणें व गैरहजेरी कमी झाली. सुखवस्तु वस्तींतील शाळेंत तसा फरक दिसला नाहीं. ज्या घरीं चुकलेल्या बसला दुसरा पर्याय नसतो, तेथेंच लवकरच्या घंटेचा भार अधिक पडतो, असा याचा अर्थ लावतां येईल.

महाराष्ट्रांत डिसेंबर २०२३ मध्यें राज्यपाल रमेश बैस यांनीं मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा निर्णय केला. बसचालकांनीं नऊच्या गर्दीची अडचण पुढें केली. ती खोटी नव्हे. परंतु झोपेचें शास्त्र ज्यांना अधिक लागू पडतें, तीं वरच्या वर्गांतील मुलें मात्र या निर्णयाबाहेर राहिलीं. उशिरां आलेल्या मुलास वर्गाबाहेर उभें करण्यापूर्वीं शाळेनें आपली घंटाही एकदां तपासून पाहावी, हें उचित होय.