'राझिया' : लुटीच्या एका शब्दाचा प्रवास

फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषांत 'राझिया' असा एक शब्द आहे. आपल्या घरातील रजिया या नावाशी त्याचे नाते नाही. ते नाव 'रिजा' म्हणजे संतोष, प्रसन्नता यावरून आलेले. युरोपातील 'राझिया' म्हणजे लुटीसाठी घातलेली धाड. शब्दकोश त्याचे मूळ अरबी सांगतात आणि लूट हीही अरबांचीच देणगी, असा वाचणाऱ्याचा समज होतो. म्हणून हा शब्द तिथे पोहोचला कसा, हे पाहायला हवे.

मूळ शब्द 'गझव', म्हणजे स्वारी. इस्लामपूर्व अरबस्तानात टोळ्या एकमेकींचे उंट पळवून नेत. तीही लूटच होती. पण एका खुनातून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर उभे राही, म्हणून शक्यतो रक्तपात टाळला जाई. जिल्काद, जिल्हज, मोहरम आणि रजब या चार महिन्यांत लढाई निषिद्ध असे. पुढे पैगंबरसाहेब (स.) स्वतः ज्या मोहिमेवर गेले तिला चरित्रकार 'गझवा' म्हणू लागले, इतरांवर सोपवलेली ती 'सरिय्या'. लढाईत मिळालेल्या मालाच्या पाचव्या हिश्शात अनाथ, गरीब आणि वाटसरू यांचा हक्क कुरआनने ठरवून दिला.

अल्जीरियाच्या बोलीत धाडीला 'गाझिया' म्हणत. १८३० साली तिथे फ्रेंच फौजा उतरल्या. अरबी 'गैन' फ्रेंच कानांना आपल्या घशातल्या 'र'सारखा वाटला आणि 'गाझिया'ची 'राझिया' झाली. १८४१ पासून गव्हर्नर-जनरल ब्यूजो याने तिला राज्यकारभाराचे धोरणच बनवले. उभी पिके जाळायची, धान्याची पेवे हुडकून उपसायची, गुरेमेंढ्या हाकून न्यायच्या. जून १८४५ मध्ये दाहरा भागात गुहांत लपलेल्या उलाद रियाह कबिल्याला कर्नल पेलिसिए याच्या फौजेने तोंडाशी आग पेटवून गुदमरवले. बायकामुलांसह शेकडो माणसे मेली. शब्द अरबांचा होता, मशाल फ्रेंचांची.

पुढे युरोपात हाच शब्द पोलिसी धरपकडीला लागला. फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी ॲमस्टरडॅममध्ये सुमारे चारशे ज्यू तरुण पकडून नेले, त्यालाही डच लोक 'राझिया'च म्हणतात.

आपल्या मराठीतली 'मुलूखगिरी' पाहा. 'मुलूख' अरबी, 'गिरी' फारसी. म्हणून मराठ्यांच्या स्वाऱ्या कोणी अरब-इराण्यांच्या माथी मारत नाही. फारसी 'बारगीर'चा बंगालीत 'बर्गी' झाला तो १७४० नंतरच्या मराठी स्वाऱ्यांमुळे, इराण्यांमुळे नव्हे.

शब्दाचे कूळ शब्दकोशात सापडते. कृत्याचा जाब मात्र ते करणाऱ्यालाच विचारावा लागतो.