मुखपट्टी आणि शेजारधर्म

श्रोतेहो, रोगाच्या साथींचा इतिहास सांगताना आपण बहुधा मृतांचे आकडे, सरकारी फर्माने आणि वैद्यकातील शोध यांची जंत्री देतो. रस्त्याने चालणारा सामान्य माणूस त्या इतिहासात क्वचितच दिसतो. साथीच्या दिवसांत तो घराबाहेर पडला तेव्हा त्याने तोंडाला काय बांधले होते, समोरून येणाऱ्याला पाहून तो कसा वागला, आणि तसे वागण्यास त्याला दंडाने भाग पाडले की शेजारधर्माने, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण एखाद्या समाजाची पारख करायची तर ती अशा किरकोळ गोष्टींवरूनच अधिक नेमकी होते. म्हणून आज मी आपल्यापुढे वीतभर कापडाचा, म्हणजे मुखपट्टीचा इतिहास मांडणार आहे. आणि तोही बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाच्या निमित्ताने.

नाकातोंडावर वस्त्र धरण्याची चाल आपल्याला नवी नाही. अग्नीपुढे उभा राहणारा पारशी धर्मगुरू आपल्या श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून तोंडावर ‘पदान’ बांधतो. स्थानकवासी जैन साधू मुखवस्त्रिका धारण करतात, ती हवेतील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. या दोन्ही चालींत एक गोष्ट समान आहे. पट्टी बांधणारा स्वतःला वाचवीत नाही. आपल्या श्वासापासून तो दुसऱ्याला जपतो.

याच्या नेमकी उलट चाल निपाणीत आढळते. निपाणी ही तंबाखूची पेठ. येथील वखारींतून पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी तंबाखू कुटण्याचे, चाळण्याचे, पाखडण्याचे काम केले. त्या धुळीने ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, डोके गरगरते. तेव्हा या बायका पदराचे टोक किंवा जुनेराचा तुकडा नाकातोंडावर आवळून बांधीत. १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने निपाणीच्या या कामगार स्त्रियांवर एक अनुबोधपट काढला, तेव्हा कोठे त्यांच्या कष्टांची आणि त्यांनी उभारलेल्या संघटनेची वार्ता दूरवर गेली. त्यांची ती पट्टी स्वतःच्या छातीच्या रक्षणासाठी होती. ती बांधावी असा हुकूम कोणी काढला नव्हता आणि ती पुरवावी असेही फारसे कोणाला वाटले नव्हते.

आता साथींकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगाचा रोगी ओळखला. पाहता पाहता ती साथ मुंबई इलाखाभर पसरली. बेळगाव हा तेव्हा त्याच इलाख्याचा एक जिल्हा होता. बेळगावाला खेटून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानच्या अमलाखाली होते. म्हणजे एक गल्ली इंग्रजांची आणि पलीकडची पेठ संस्थानिकांची, अशी ‘सीमा’ या भागाने त्या काळीही अनुभवली होती. उंदीर आणि पिसवा यांना मात्र ती सीमा ठाऊक नव्हती. गावे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘पलेगाचे साल’ ही कालगणनाच होऊन बसली.

त्या साथीत मुखपट्टीचा प्रश्न का निघाला नाही? कारण उघड आहे. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांच्या चाव्याने होतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत केलेल्या प्रयोगाने पुढे आली. त्या आधी सरकारने घरांच्या झडत्या, रोग्यांना सक्तीने हलविणे आणि सामानाची होळी यांवर भर दिला. १८९७ च्या साथरोग कायद्याचे बळ त्यामागे होते. पुण्यात सोल्जरांकरवी झालेल्या झडत्यांनी लोक किती दुखावले आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात कसा झाला, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. १८९८ साली हुबळीत हजारो लोकांनी हाफकिन यांची प्रतिबंधक लस टोचून घेतली. दोन्ही ठिकाणी राज्य एकच आणि रोगही एकच. पण जेथे उंबरठा ओलांडून अब्रूला हात घातला गेला तेथे हितही शत्रूसारखे भासले.

मुखपट्टीचा वैद्यकीय जन्म याच सुमाराचा. १८९७ साली ब्रेस्लाउ येथील शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापड बांधण्यास सुरुवात केली. बोलताना, खोकताना उडणाऱ्या तुषारांत रोगजंतू असतात, हे कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेच्या खोलीतील ही पट्टी रस्त्यावर आणण्याचे श्रेय वू ल्येन-ते या चिनी वंशाच्या डॉक्टरांकडे जाते. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगाने सुमारे ६० हजार माणसे दगावली. हा प्रकार पिसवांनी नव्हे, तर श्वासाने पसरतो, हे वू यांनी ओळखले आणि कापसाचा थर घातलेली पातळ कापडाची पट्टी बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी तो मानला नाही. उघड्या तोंडाने रोगी तपासले आणि थोड्याच दिवसांत तेही त्याच रोगाने गेले. त्यानंतर पट्टीला कोणी हसले नाही.

१९१८ साली मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्ल्यूएंझा, आला. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानातील बळींचा अंदाज एक कोटीहून पुष्कळ अधिक आहे. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. म्हणून आपल्याकडे त्या साथीची आठवण उरली ती मुख्यतः भुकेची आणि सरणाची. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने मात्र त्याच ऑक्टोबरात रस्त्यावरील प्रत्येकाला पट्टी सक्तीची केली. न बांधणाऱ्यास दंड आणि तुरुंगही होता. तेथील नगराध्यक्ष जेम्स रॉल्फ मुष्टियुद्धाचा सामना पाहताना पट्टीविना आढळले, तेव्हा त्यांनाही ५० डॉलर दंड भरावा लागला. पुढे पट्टीविरोधी संघही त्याच शहरात निघाला. कापडाचा तुकडा एवढासा. पण ‘माझ्या तोंडावर कोणाची सत्ता?’ हा प्रश्न त्याच्या गाठीत बांधला गेला तो तेव्हापासून.

एका शतकानंतर तोच प्रश्न आपल्या दारी आला. २०२० च्या एप्रिलात बेळगाव जिल्ह्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले. मुंबई महापालिकेने ८ एप्रिलला आणि केंद्र सरकारने १५ एप्रिलला सार्वजनिक जागी तोंड झाकणे बंधनकारक केले. टाळेबंदी सैल होताच गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर आणि निपाणीची बाजारपेठ येथे माणसे पुन्हा दिसू लागली, ती अर्ध्या चेहऱ्याची. कोणी उपरणे गुंडाळले, कोणी हातरुमाल, तर कोणी पदर ओढून घेतला. तयार मुखपट्ट्या दुर्मीळ झाल्या तेव्हा दोन्ही राज्यांत बचत गटांच्या स्त्रियांनी घरोघर शिलाई यंत्रांवर त्या शिवल्या. ओळखीचा माणूस डोळ्यांवरून ओळखण्याची कला सर्वांनी आत्मसात केली.

मग दंडाचे पर्व आले. सप्टेंबर २०२० अखेर कर्नाटक सरकारने पट्टी न बांधणाऱ्यास महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि इतरत्र ५०० रुपये दंड ठरविला. हातावर पोट असणाऱ्यांना ती रक्कम म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी. ओरड झाली आणि आठवडाभरातच ते आकडे २५० आणि १०० वर आले. त्याच सप्टेंबरच्या २३ तारखेला बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे दिल्लीत कोरोनाने निधन झाले होते. साथ पद पाहत नाही, याचा प्रत्यय शहराने घेतला होता. तरीही १७ जानेवारी २०२१ रोजी बेळगावच्या जिल्हा क्रीडांगणावर केंद्रीय गृहमंत्र्यांची मोठी सभा भरली, तेव्हा तेथे अंतर आणि मुखपट्टी यांचे नियम पाळले गेले नाहीत अशी तक्रार उच्च न्यायालयापुढे गेली. गुन्हा का नोंदविला नाही, असे न्यायालयाने पोलिसांना विचारले. येथे पक्षाचा प्रश्न नाही; गर्दी जमविण्याच्या मोहातून त्या काळात कोणताच पक्ष सुटला नाही. प्रश्न आहे तो भाजी घ्यायला निघालेल्या म्हातारीला शंभर रुपयांची पावती आणि व्यासपीठाला सवलत, या विषमतेचा. सॅन फ्रान्सिस्कोने १९१८ साली निदान आपल्या नगराध्यक्षाला पावती दिली होती.

सीमाभागाची आणखी एक अडचण होती. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव दूर. दवाखाना, बाजार, कागलच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरी आणि लेकीचे सासर यांसाठी माणसे रोज ये-जा करीत. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कर्नाटकाने ७२ तासांच्या आतील चाचणीचा अहवाल मागितला आणि निपाणीजवळचा कोगनोळी नाका हा कित्येकांच्या आयुष्यातील उंबरठा होऊन बसला. पुढे १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने मुखपट्टी ऐच्छिक केली. त्याच महिन्याच्या अखेरीस कर्नाटकाने ती पुन्हा बांधण्यास सांगितले, मात्र दंडाविना. म्हणजे एकच माणूस कागलात मोकळा आणि कोगनोळी ओलांडताच नियमबद्ध! ज्या भागात एका गल्लीत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू नांदतात, तेथे नियमाचे कारण प्रत्येकाला त्याच्या भाषेत समजावून सांगितले नाही तर नियम म्हणजे केवळ पावती-पुस्तक उरते.

मग पट्टी बांधली जाते ती कशाने? या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर बांगलादेशाने दिले. २०२०-२१ मध्ये तेथील ६०० खेड्यांत सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत मुखपट्ट्या फुकट वाटल्या, त्यांचे कारण सांगितले, गावातील मान्यवरांनी त्या स्वतः बांधून दाखविल्या आणि रस्त्यात उघड्या तोंडाने भेटणाऱ्याला स्वयंसेवकांनी सौम्य शब्दांत आठवण करून दिली. पट्टी बांधणारांचे प्रमाण शेकडा १३ वरून ४२ वर गेले. जेथे शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्या वाटल्या होत्या, तेथे लक्षणांसह होणारी कोरोनाची लागण सुमारे एक-नवमांशाने घटली. हा लाभ चमत्कारासारखा नाही. पण स्वस्त कापडाच्या मानाने थोडाही नाही. विशेष म्हणजे बक्षिसाच्या आमिषाने आणि फोनवरील संदेशांनी फारशी भर पडली नाही. समोर उभ्या राहून आपुलकीने बोलणाऱ्या माणसाचे काम दुसऱ्या कशाने झाले नाही.

श्रोतेहो, हा सारा इतिहास एका जागी येऊन मिळतो. तोंडावरची पट्टी बांधणाऱ्याला थोडी आणि शेजाऱ्याला अधिक उपयोगी पडते. जी गोष्ट मुख्यतः दुसऱ्यासाठी करायची, ती भयाने फार दिवस करवून घेता येत नाही. शिपाई वळणावरून दिसेनासा झाला की ती हनुवटीवर उतरते. ती टिकते ती लाजेने, आपुलकीने आणि सवयीने. आणि वरच्याने आधी बांधली तरच खालचा बांधतो. मांचुरियापासून बांगलादेशापर्यंत आणि पुण्यापासून बेळगावापर्यंत अनुभव हाच आहे.

आता दंड गेला, नाकेही मोकळे झाले. तरी दोन गोष्टी आपण राखून ठेवाव्यात असे मला वाटते. पहिली ही की, खोकला-पडसे झालेले असता गर्दीच्या एसटीत किंवा दवाखान्याच्या बाकावर बसताना आपण होऊन पट्टी बांधावी. जपानात सर्दी झालेला माणूस ती सहज बांधतो आणि कोणी वळून पाहत नाही. दुसरी गोष्ट निपाणीच्या वखारीतील त्या बाईची. रस्त्यावर आली तेव्हा आपल्यासाठी तिने तोंड झाकावे म्हणून आपण कायदा केला, दंड ठरविला. ती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तंबाखूच्या धुळीत फाटक्या पदराने स्वतःचे तोंड झाकीत होती. धुळीत राबणाऱ्या प्रत्येक मजुराला, मग ती वखार असो, गिरणी असो की खडीचे यंत्र असो, चांगली मुखपट्टी हक्काने आणि फुकट मिळावी, एवढे तरी आपण त्या दोन वर्षांतून शिकायला हवे. आपल्या श्वासासाठी तिने जे केले, ते तिच्या श्वासासाठी आपण केले, तरच शेजारधर्माचे ऋण फिटेल.