कण्या आणि ताक

गेल्या पौषात पुण्याला लेकीकडे गेलो होतो. थंडी मी म्हणत होती. तिनं पातेल्यात मिठाचं पाणी उकळलं, एका हातानं मक्याचा रवा सोडत दुसऱ्या हातानं घोटत राहिली. वीसेक मिनिटांत रटरटून आलं. मग लोणी आणि मूठभर किसलेलं चीज घातलं. म्हणाली, "बाबा, हा इटलीचा पोलेंटा." पहिला घास घेतला आणि म्हणालो, "अगं, या तर आपल्या कण्या!"

बालाघाटातल्या आमच्या घरी हिवाळ्यातली सकाळ कण्यांनीच उजाडायची. ज्वारी जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचं, उरलेल्या कण्या आधणात वैरायच्या. ताटलीत वाढल्या की आजी वरून ताक ओतायची. नको म्हटलं तर ओरडायची, "कोरड्या कण्या खाऊ नको रे, अंगाला लागत न्हाईत." मला तो म्हातारीचा हट्ट वाटायचा.

पोलेंट्याची गोष्ट पुढे वाचली तेव्हा हट्टाचा अर्थ कळला. मका मूळचा अमेरिकेचा. 1492 नंतर तो युरोपात आला आणि हळूहळू उत्तर इटलीतल्या शेतमजुरांचं मुख्य अन्न झाला. गरिबाच्या ताटात नुसता पोलेंटा. चीज, लोणी परवडणाऱ्याच्या घरी. नुसत्या मक्यावर जगणाऱ्यांना एक रोग जडू लागला. कातडी सोलवटायची, हगवण लागायची, शेवटी भ्रम व्हायचा. 1771 साली मिलानच्या फ्रापोल्ली या वैद्यानं त्याला 'पेलाग्रा' म्हटलं, म्हणजे खरखरीत कातडी. मेक्सिकोचे लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात बी आलं, ती रीत आली नाही. या रोगावर नायसिन लागू पडतं, हे कळायला 1937 साल उजाडलं. दूध, ताक, चीज यांतली प्रथिनंही ही उणीव भरून काढतात. आणि 1960 मध्ये हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांतही हाच रोग असल्याचं मांडलं.

तिथं मला 1972 आठवलं. चाऱ्यावाचून गुरं विकली, दावणी ओस पडल्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. अमेरिकेची तांबडी मिलो आली, तिच्याही कण्या शिजल्या. ताक मात्र कुठं मिळेना. शेजारच्या म्हातारीच्या हाताला, गळ्याला काळे चट्टे पडले, कातडी निघू लागली. सगळे म्हणाले, उन्हानं झालं. आजी आईला एवढंच म्हणाली, "ताक तुटलं गं बाई तिचं."

लेकीनं विचारलं, "बाबा, चीज जास्त झालं का?"

म्हटलं, "होऊ दे. आणखी घाल."